खिळा

हुसाविकच्या मासळी-कारखान्यात
स्टेइनुनच्या कमरेला अकरा किल्ल्या.
बर्फाचं मशीन, डिझेल, औषधपेटी,
अगदी कॉफीचं कपाटसुद्धा.
"तिला विचारा," एवढंच सगळ्यांना पाठ.

फेब्रुवारीत ती तापाने फणफणली
आणि मशीन बंद पडलं.
चार तास नऊ माणसं
तिच्या फोनची वाट बघत उभी,
कॉडचे डोळे पांढरे होत गेले.
थोर्गिल्सला दुरुस्ती येत होती.
त्याला कुणी विचारलंच नव्हतं कधी;
कुणी म्हणजे, तिनेच.

आता दाराशी एक खिळा आहे,
किल्ल्या त्यावर.

रात्री वारा पत्रे बडवतो.
ती उशाशी फोन घेऊन जागी.
वाजत नाही.
कमरेवर पट्ट्याचा वळ अजून आहे,
हात तिथवर जातो,
रिकामा परत येतो.