लवूची चाल

फलजच्या कॅम्पात साडेचारशे पुरुष
आणि एक मांजरी.
तीही मेसमागे, हात पुढे केला की पळणारी.

सामंत सर इथे सेफ्टी ऑफिसर.
पूर्वी वेंगुर्ल्याला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे.
एक जुनी विलायती कॉमेडी त्यांनी
रद्द झालेल्या वर्क परमिटांच्या पाठीवर मराठीत उतरवली.
म्हणाले, चारशे वर्षांपूर्वी लंडनातही असंच,
स्टेजवर बाई नाही.
मिसरूड न फुटलेली पोरं झगे घालून पोरी व्हायची.
आणि गोष्टीतली पोरगी परमुलखात एकटी पडली
की जीव वाचवायला पोराचा वेष घ्यायची.
म्हणजे पोरगी झालेला पोरगा, परत पोरगा झालेला.
मी टाइमकीपर.
विचारलं, सर, हजेरी किती जणांची लावू?

पोरगी व्हायला लवू पेडणेकर. स्कॅफोल्डर, वय एकेचाळीस,
दशावतारात पंधरा वर्षं स्त्रीपार्टी.
मोचेमाडच्या जत्रेत त्याची राणी रडली
की म्हाताऱ्या पदराची गाठ सोडायच्या.
मिशी काढली त्या दिवशी
गेटवरच्या बलोची सिक्युरिटीने
त्याचं कार्ड दोनदा उलटं-सुलटं केलं.

मी त्याचा, म्हणजे तिचा, प्रियकर.
मला कळता कामा नये की हा पोरगा पोरगी आहे.
हेही कळता कामा नये
की ती पोरगी लवू आहे, खाटेखाली सुक्या बांगड्यांचा डबा ठेवणारा.

तीन शुक्रवार तो अडला.
चालला तर बाईच चालायची,
नाहीतर नुसता लवू.
"बाई होवचा सोप्पा रे," तो म्हणायचा,
"पण बापयाचा सोंग घेतलेली बाई,
ती चालतली कशी?"

चौथ्या शुक्रवारी तो आला तो वेगळाच.
कोपरं अंगापासून जरा लांब,
जणू बाह्या दुसऱ्या कुणाच्या मापाच्या.
हनुवटी वर, आवाज मोठा,
नजर मात्र दाराची कडी शोधत.
बसताना हात मागे गेला, नसलेलं लुगडं सावरायला,
अर्ध्यात थांबला,
आणि खिशात शिरला.

खय शिकलंस, विचारलं.
त्याने मोबाइल पुढे केला.
शेवंती. त्याची बायको.
लुगड्यावर त्याचा जुना चौकड्यांचा शर्ट,
पंपाच्या खोपटाशी उभी, वायरमनला झापत.
"शर्ट घातलो काय लोक ऐकतत, म्हणता.
ती थंय माझा सोंग घेता.
मी हंय तिचा घेतंय, माझा घेतलेला."
मग स्क्रीन शर्टाला पुसून
फोन खिशात ठेवला.

प्रयोगाला पडदा म्हणून स्कॅफोल्डिंगची हिरवी जाळी.
मलबारी, बिहारी, पेशावरचा खानसामा,
मराठी कुणाला कळत नव्हतं.
तो हात मागे जाऊन थांबला तेवढं सगळ्यांना कळलं.
हसले. मग एकदम हसायचे थांबले.
प्रत्येकाच्या घरी कुणीतरी
कुणाचा तरी शर्ट घालून उभं असणार.

तिसऱ्या अंकात त्याने माझा हात धरला.
तळव्यावर स्पॅनरचे घट्टे, मनगटाला पावडर.
चौदा महिन्यांत माझा हात कुणी धरला नव्हता,
ब्लड टेस्टवाला सोडून.
मी वाक्य विसरलो.
सरांनी जाळीमागून दोनदा सांगितलं,
मला ऐकू आलं, पण म्हणालो नाही.
लोकांना वाटलं नाटकातच आहे.
टाळ्या पडल्या.

शनिवारी पहाटे साडेचारची बस.
लवू खिडकीला डोकं टेकून झोपलेला,
एका डोळ्यात काजळ राहिलेलं.
साइटवर मी त्याच्या नावापुढे एक लिहिलं,
पेन तिथेच टेकून राहिलं,
शाई जरा पसरली.

वर सातव्या लेव्हलला त्याने हार्नेसचा हुक अडकवला
आणि फळीवरून निघाला.
मागे उजाडत असलेला सोहारचा समुद्र.
कोपरं अंगापासून जरा लांब.