दाताळं

फाटकावर तिकीट नाही.
एक जुनी पाटी आहे, तिच्यात गोळीची दोन भोकं.
ती बुजवायची नाहीत असं समितीनं ठरवलं.
वेल्टाबाई एकट्या विरोधात होत्या:
भोकातून पाणी शिरतं, पत्रा गंजतो.

एकोणीस हेक्टर पाइन, आणि पुढे बाल्टिक.
नुसतं चाललं तर पाऊण तास,
ब्लूबेरी खात चाललं तर दिवस.

या झाडांच्या खाली एक गाव आहे.
खाली म्हणजे खालीच, चार पुरुष खोल.
लोकांनी बोटींसाठी तोडलं, डांबराच्या भट्टीसाठी तोडलं,
आणि उघडी पडलेली वाळू उठली.
रोज मूठभर. विहिरीत, पिठात, पाळण्यात.
आधी कुंपण गेलं, मग गोठा.
मग एका रविवारी चर्चचं दार उघडेना
तेव्हा माणसं खिडकीतून आत उतरली
आणि पाद्रीबाबांनी थोडक्यात आटपलं.

वेल्टाबाईंचे पणजोबा, आन्सिस,
फांद्यांचे कूड विणत बसले वाळूवर, चौकटी चौकटीनं.
चौकटीत एक रोप, करंगळीएवढं,
मुळाशी ओंजळभर कुजकं समुद्रगवत.
शंभरातली सत्तर मेली.
त्यांनी सत्तर पुन्हा लावली.
त्यांची हिशेबाची वही कचेरीत काचेखाली आहे.
रोपं, मजुरी, मेलेली रोपं, मजुरी,
आणि शेवटच्या पानावर:
आज वारा आला. वाळू आली नाही.

मग सैनिक आले, तार आली, समुद्र बंद झाला.
समुद्र बंद करता येतो
हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटत नाही.
रोज संध्याकाळी ट्रॅक्टर दाताळं ओढत किनारा विंचरायचा,
रात्री कुणी पलीकडे निसटलं तर पाऊल उमटावं म्हणून.
सकाळी एक शिपाई वाळू वाचत जायचा:
कुरव, कोल्हा, कुरव, कुरव.
एकदा अनवाणी पावलं. पाण्याकडे जाणारी,
परतीची नाहीत.
वेल्टाबाई तेव्हा सात वर्षांच्या,
आणि घरात त्या दिवसापासून एक ताट कमी.

त्या पंचेचाळीस वर्षांत रानाला
ना कुऱ्हाड लागली, ना सहल, ना बेरीची टोपली.
नोकरीत नवा होतो, बोलून गेलो:
म्हणजे तारेनंच राखलं की हे.
बाईंनी मला नीट न्याहाळलं.
"कुलूप घर राखतं," म्हणाल्या. "घरात राहत नाही."

तार गेली त्याच वर्षी मोजणीवाले आले.
बंगल्यांचे नकाशे, प्रत्येक खिडकीत समुद्र.
तोडायच्या दोनशे बारा झाडांना त्यांनी नारिंगी फीत बांधली
आणि जेवायला, झोपायला गावात गेले.
रात्रीत वेल्टाबाई, पोस्टातली एर्ना आणि सहावीचा वर्ग
उरलेल्या सगळ्या झाडांना फीत बांधून मोकळे.
तालुक्यातली नारिंगी फीत संपली,
शेवटच्या चाळीस झाडांना एर्नाच्या पडद्याच्या चिंध्या.

ही गोष्ट पाहुण्यांना आवडते, म्हणून मी सांगतो.
खरं तर रान वाचलं ते त्या वहीमुळे,
चार वर्षं कोर्टात, पान पान लावून:
इथली वाळू झोपलेली आहे, मेलेली नाही.

आता समुद्रच मुळावर आलाय.
दर हिवाळ्यात कडेची दोन-तीन झाडं पाण्यात आडवी.
पायवाट आम्ही आत सरकवतो, आणखी आत,
आणि मागच्या बाजूला रोपं लावतो. करंगळीएवढी.

वेल्टाबाई ऐंशीच्या झाल्या.
हंगाम सरला की साधं बागेतलं दाताळं घेऊन येतात,
दहा पावलांचा पट्टा विंचरून ठेवतात,
सकाळी वाचतात: कोल्हा, कुरव, एक सायाळ, कुरव.

परवा पावलं होती. अनवाणी, लहान,
पाण्यातून रानाकडे येणारी.
कुणा पाहुण्याचं पोर असेल, मी म्हणालो.
असेल, त्या म्हणाल्या, आणि बाजूला वीत टेकवून माप घेतलं.
त्या संध्याकाळी पट्टा विंचरला नाही.
ते काम रात्री वाऱ्यानं केलं.