बैसा

हजार बैशांचा एक रियाल.
आमच्याकडची जुनी माणसं पाहुण्याला दारात म्हणत, बैसा.
मस्कतला उतरलो तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं
दुकानदार बसायला सांगतोय. त्याला सुट्टे हवे होते.

रुवीच्या टायर-गोदामात बावीस वर्षं
मी नुसता मोजत आलो,
आलेले, गेलेले, उन्हाने तडकलेले.
धंदा कधी केला नाही.
म्हणूनच असेल, एका शुक्रवारी सकाळी
तीन पोरं वही घेऊन माझ्याच दारात.

मेहजबीन परकार, मूळची दाभोळची, वय पंधरा.
ग्लेन तुस्कानो, जो आधी विकतो, मग विचार करतो.
आणि शर्विल, जो विचारच करतो.

शाळेच्या जत्रेत कोकम सरबत विकलं होतं यांनी.
एकशे वीस ग्लास, दोनशे बैशांना एक.
दुपारच्या आत पिंप कोरडं.
"काका, चोवीस रियाल!"
ग्लेनने नोटा पंख्यासारख्या धरून वारा घेतला.

बर्फ कितीचा रे?
तीन रियाल.
ग्लास दोन-चारशे, साखर एक-सहाशे.
टॅक्सी जाऊन-येऊन चार.
फलक तीन. त्यावर ग्लेनचा फोटो.
जागेचं भाडं दहा.
शर्विलची पेन्सिल थांबली. मग त्याने बेरीज पुन्हा केली,
खालून वर.
पंखा मिटला.

आणि आगळ?
"ते फुकट. मामूने बॅगेतून आणलं."
मामू परत कधी येणार?
"डिसेंबरात."
तोवर दुकान?
"बंद," शर्विल म्हणाला. सकाळपासून त्याचा हा पहिला शब्द.

ढवळलं कोणी?
"अम्मीने. रात्री दीडपर्यंत."
तिचे किती लिहिलेत?

कुणी काही बोललं नाही. एसी तेवढा घरघरत होता.
मी म्हटलं, फुकट असं काही नसतं,
कुणाचं तरी नाव लिहायचं राहिलेलं असतं.
बोलून गेलो खरा,
मग नजर ओट्यावरच्या माझ्या डब्याकडे गेली.
बावीस वर्षं, रोज पहाटे पाचला भरलेला.
तो कुठल्याच वहीत नाही.

पुढचे दोन शुक्रवार त्यांनी काही विकलं नाही.
पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणाऱ्यांच्या कडेला उभं राहून
नुसतं विचारलं.
ट्रकवाले म्हणाले, गोड कमी करा, मीठ घाला,
जिरं घाला, ग्लास मोठा द्या.
एक शिंपी म्हणाला, मला नकोच, चहा असेल तर बोला.
ग्लेन हिरमुसला.
शर्विलने तेही लिहून घेतलं, तारीख टाकून.

नोव्हेंबरात मंडळाचे मैदानी खेळ.
या वेळी परवानगीचा कागद होता, शिक्क्यासह.
ग्लेनचा फोटो नव्हता.
साठ ग्लास, मोठे, खारट, साडेतीनशेला एक.
अकरा उरले. ते अकरा पोरांनीच प्यायले,
तोंडं वाकडी करत, कारण मीठ जरा जास्तच पडलं होतं.

खर्च जाता चार रियाल सहाशे पन्नास.
मी काही सुचवलं नाही. शपथ.
मेहजबीनने वहीत एक ओळ आखली:
रुकय्या परकार, तीन तास, दर एक रियाल.
राहिलं ते तिघांत. साडेपाचशे बैसे डोई.
ग्लेन म्हणाला, यात तर एक शोरमाही नीट येत नाही.
मग म्हणाला, पुढच्या वेळी बर्फ दुसरीकडून घेऊ.
तेव्हा मला वाटलं, हा करेल धंदा.

वादी कबीरच्या त्यांच्या घरी गेलो तेव्हा
रुकय्याभाभी भाकऱ्या थापत उभ्या.
"मला कशाला? मी काय परकी?"
"परकी नाहीस म्हणूनच राहून गेलं होतं," पोरगी म्हणाली
आणि ओट्यावर मोजू लागली, मोठ्याने, सगळी चिल्लर.
"तीन हजार बैसा, अम्मी."

भाभींनी हात पदराला पुसले.
स्टूल ओढलं,
आणि बसल्या.
तव्यावरची भाकरी मेहजबीनने उलटली.
थोडी करपली.