अंधार दाखवा

त्या वर्षी रमजान जूनमध्ये आला.
रुकय्याचा फोन :
अब्बा, इथं सूर्य बुडतच नाही,
रोजा सोडायचा कधी?

मी टिंबर मार्केटात सागाच्या चौकटी विकणारा माणूस.
सुताचा फरक नुसत्या नजरेनं सांगतो,
पण न बुडणाऱ्या सूर्याचं माप
माझ्या कुठल्याच पट्टीवर नव्हतं.
तिच्या गावाचं नाव घेताना, ट्रोम्सो,
अजून जीभ अडते
गाठीवर रंधा अडावा तशी.

मशिदीत म्हणे रोज वाद.
सोमाली बायकांचं म्हणणं, मक्केची वेळ.
बोस्नियाचा एक म्हातारा हट्टी :
दक्षिणेला जिथं सूर्य घटकाभर तरी मावळतो
त्या गावाची.
पाचव्या दिवशी मासळीच्या कारखान्यात
त्याला चक्कर आली.

मी भिंतीवरचा कागद काढला,
बागवान चिकन सेंटरनं छापलेला,
कोपऱ्यात कोंबडा, मधे तारखा.
सहरी चार पंचवीस, इफ्तार सात बारा.
फोटो पाठवला. म्हटलं,
तू आपली भवानी पेठेची धर.

मग महिनाभर
इथं अजान झाली की तिथं पावणेचार,
भर दुपारी, हॉस्पिटलच्या मागच्या दारात
निळ्या कपड्यांतली माझी पोरगी
खजूर तोंडात टाकायची.
सोबतच्या नर्सनं एकदा विचारलं,
आता कुठं मावळला तुझा सूर्य?
ती म्हणाली, टिंबर मार्केटच्या मागे.
हे सांगताना फोनवर हसली.
तिची आई हसली नाही. भजी करपली त्या दिवशी.

इल्यास तेव्हा चार वर्षांचा.
खिडकीला काळे पडदे लावून झोपवायचे त्याला,
तरी फटीतून ऊन यायचंच.
एका रात्री व्हिडिओवर म्हणाला,
नाना, अंधार दाखवा.

आता भवानी पेठेत, रमजानच्या रात्री अकराला
अंधार आणू कुठून?
खाली उतरलो तर हॅलोजन, शेगड्या,
शेवयांचे ढीग, चपलांच्या गाड्या, पोरांचा दंगा.
पदमजी चौकीपर्यंत गेलो.
तिथंही एलईडी, नगरसेवकाच्या फोटोसकट.
पोरगं फोनमधून विचारतंय, आला का?

शेवटी दुकानाचं शटर वर केलं,
आत शिरून पुन्हा खाली ओढलं.
फळ्यांच्या थप्पीआड जाऊन उभा राहिलो.
दिवा लावला नाही.

दिसतंय का रे?
नाही. काहीच नाही दिसत.
हाच तो, म्हटलं.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
वाटलं, लाइन तुटली.
मग कानाला लावला तर श्वास,
झोपलेल्या पोराचा, जड, एका लयीत.

मी हललो नाही.
नाकात भुसा गेला होता.
शिंक आली,
ती दाबून धरली.