ओल्झाचा पूल

बोग्ना आता नदीपलीकडे शिकते,
आईच्या नव्या घराजवळ.
चेकांच्या शाळेत एक म्हणजे एक नंबर.
इकडे, आमच्या पोलिश काठावर,
एक म्हणजे दांडी उडाली.

ठाऊक आहे मला. तीनदा सांगितलंय तिनं.
तरी शनिवारी पुलावर तिनं वही उघडली,
लाल शाईतला एक दिसला
आणि माझा हात कानावर गेला,
माझ्याच.
सातवीत भूमितीचा असाच एक
घरी नेला होता मी.

"बाबा, हसा ना."

हसलो. कठड्यावर वही टेकवून सही केली.
खाली ओल्झा, गुडघाभर पाण्याची.

"आणि व्होयतेखला पाच मिळाले."
"अरे वा! शाब्बास!"

माझ्याकडे बघत राहिली,
मग लहान मुलाला सांगावं तसं, सावकाश:
"तो रडत होता, बाबा."