कानाडोळा

एप्रिलमध्ये ओविदच्या कानांत यंत्रं बसली,
शेंगदाण्याएवढी, करड्या रंगाची,
आणि तिसऱ्या रात्री ती काढायचं विसरून झोपलेला तो
दचकून अंथरुणात उठून बसला.
"एल्मिर, हे काय वाजतंय?"
पंखा, म्हटलं.
"कधीपासून?"
अकरा वर्षं.

टक्. मग दोन श्वास. मग टक्.
त्या ठेक्यावर मी लेकीची फी मोजली,
छपराची गळती, बहिणीच्या औषधांची बिलं,
आणि हा शेजारी घोरत होता,
साखर कारखान्याच्या बॉयलरने
चाळीस हंगामांत त्याचे कान
चिपाडासारखे पिळून टाकलेले.
"सांगितलं का नाहीस?"
सांगायचं म्हणजे ओरडायचं,
आणि रात्री दोनला पंख्यावरून ओरडणारी बाई
लुईझियानात काय, कुठेच बरी दिसत नाही.

शनिवारी लाफायेतला गेलो.
दुकानाच्या छताला एकोणीस पंखे एकदम फिरत होते,
खाली उभं राहिलं की वाटे
बायूवरचे सगळे बगळे आत्ताच उडालेत.
त्यातला शांत कोणता?
लग्नघरात कमी बोलणारा पाहुणा शोधावा, तसं.
विक्रेता पोरगा, टायरेल, गुणी होता.
डीसी मोटर, म्हणाला, सहा वेग, अठ्ठावीस डेसिबल.
अठ्ठावीस म्हणजे किती रे?
त्याने जरा विचार केला. "पान उलटल्याइतकं."
"कशाचं पान?" ओविद म्हणाला. "बायबलचं की वर्तमानपत्राचं?"

मग त्याने त्या पोराला एकेक पंखा बंद करायला लावला.
अठरा थांबले, एक चालू.
हा खाली, मान तिरकी, डोळे मिटलेले,
कलिंगड ठोकून बघताना उभा राहतो तसा.
पुन्हा अठरा बंद, दुसरा चालू.
लोक बघायला लागले. मला हसू आवरेना.
अरे बाबा, रात्री तू यंत्रं डबीत काढून ठेवणार,
तुला काय ऐकू येणार आहे?
"म्हणून तर आत्ता ऐकतोय," तो म्हणाला.

दिव्याचं मात्र मी बघितलं.
एकाचा उजेड वर, छताकडे. फार सुंदर. नको.
एकाचा पात्यांच्या वर,
सावल्या तोंडावरून पळत राहतात. नको.
निळसर पांढरा नको, थरथरणारा तर नकोच.
"वाचायला हवाय का, मॅम?"
हो, म्हटलं. वाचायलाच.

पुस्तक नाही. यंत्रं डबीत गेली
की ओविद माझे ओठ वाचतो.
आमच्याकडे कानाडोळा म्हणजे हे:
कानांनी सांडलेलं डोळ्यांनी वेचायचं.
दिवा मालवला की बोलणं संपलं.
भांडणात कितीदा मी साखळी ओढली
आणि मग अंधारात, छताकडे बघत,
जे बोलायचं ते मोठ्याने बोलले,
शेजारी अंगावर हात टाकून झोपलेल्या माणसाला.
तो मेला असता तर बरं, असंही एकदा.
आणि ज्या हिवाळ्यात खरंच जायला आला होता,
तेव्हा दुसरंच काही, पुष्कळदा.
दोन्ही त्या जुन्या पंख्याने ऐकलं.
परवा भाच्याने तो उतरवला, पात्यांवरची धूळ
माझ्या पांढऱ्या चादरीवर पडली.
म्हटलं, गॅरेजमध्ये ठेव. फेकू नकोस.

नवा फिरतो की नाही
हे पडदा हलतो त्यावरून कळतं.
पहिल्या रात्री ओविदने डबी उघडली, मिटली,
यंत्रं कानांतच ठेवली.
रिमोट सापडेना, उशीखाली निघाला.
दिवा गेला.
"हं," तो म्हणाला, "बोल आता."

अकरा वर्षांचं साठलेलं, आणि जिभेवर एक शब्द नाही.
वर इतकी शांतता
की माझाच आवंढा मला ऐकू आला.
शेवटी टाळूला जीभ लावली:
टक्.

एक श्वास. दुसरा.
मग त्याच्या बाजूने, अंधारातून,
टक्.