सम्राटाचं डिपॉझिट

नारायण पेठेत, रिसबुडांच्या ड्रेपरीत,
वरच्या फळीवर, वासुदेवाच्या टोपीशेजारी
रोमचा सम्राट घडी घालून ठेवलेला असतो.
नऊ वार पांढरं मांजरपाट.
काठ जांभळा हवा, पुस्तकात तसं आहे म्हणे.
माझ्याकडे होता तो वांगी,
आईच्या विटलेल्या इरकलीचा. तोच लावला.
कुणी हरकत घेतली नाही. रोमहून तर नाहीच.

मुकुट मात्र जवळजवळ खरा.
ती पानं तमालपत्राच्याच भाऊबंदांतली,
असं म्हणून रिसबुडांनी मला रविवार पेठेत पिटाळलं.
पाव किलो आणलं, निवडलं,
तारेत ओवून सोनेरी फवारा मारला.
दिव्यांखाली पोरांना घाम सुटतो
आणि सम्राटाच्या कपाळाला
मसालेभाताचा वास येतो.

डिसेंबर म्हणजे गॅदरिंग.
रिसबूड सांगत होते, रोमला एकदा एकाच वर्षात
चार सम्राट झाले, एकाला ओढून दुसरा.
मी वही पुढे केली :
आपल्याकडे अकरा दिवसांत चार. टोगा एकच.
कोथरूडचा नीरो, सारंगी द्याच म्हणून अडून बसलेला.
भवानी पेठेतला, चष्मा काढल्यामुळे पायरी चुकलेला.
औंधचा, ज्याच्या आईने दोनदा फोन केला,
कपडा धुतलेला आहे ना?
धुतलाय, बाई.
तिकडचे धोबी हे कपडे मुतात तुडवायचे
आणि एका सम्राटाने त्या मुतावरही कर बसवला होता.
हे मी फोनवर बोलले नाही.

चौथा बोपोडीचा. यशराज भालशंकर, सातवी ब.
त्याचा सीझर. तो सम्राट नव्हताच, म्हणतात रिसबूड,
भाडं तेवढंच.
पहिल्याच प्रवेशात खून,
तेवीस वार, पुठ्ठ्याच्या सुऱ्या, खरे ओरखडे.
पुढचा सगळा वेळ तो नुसता पडून.

टोगा परत करायला एकटाच आला, बसने.
‘मावशी, डाग पडलाय,’ म्हणाला.
आळता.
‘आणि मेल्यावर ना, मला झोप लागली.
भाषणं झाली, टाळ्या झाल्या,
मला कुणी उठवलंच नाही.’

डागाचे पन्नास कापायचे, असं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलंय.
मी पाचशेच्या पाचशे दिले.
लिंबू, मीठ, रात्रभर बादलीत.
पाणी गुलाबी झालं. काठापाशी थोडा राहिलाच,
वांग्यात मिसळून जाईल.

फवारा न मारलेली पानं उरली होती पुडीत.
त्यातलं एक मोडून
भातात टाकलं.